जबडा आधी लांबवायचा की तोंड आधी उघडायचं?

प्रश्न चोपडा तालुक्यातल्या एका मामांचा आहे, भाच्याबद्दल. भाचा 17 वर्षांचा, अकरावीत. पाच वर्षांचा असताना घराच्या धाब्यावरून, म्हणजे मातीच्या सपाट छतावरून, हनुवटीवर पडला. टाके पडले, जखम भरली, पण पुढच्या दोनेक वर्षांत तोंड उघडणं कमी कमी होत गेलं. आज वरच्या-खालच्या दातांत करंगळीही जात नाही. हनुवटी आत गेली आहे. रात्री जोरात घोरतो, मध्येच आवाज बंद पडतो, मग दचकून उठून बसतो. वर्गात पेंगतो. झोपेच्या तपासणीत तासाला 52 वेळा श्वास अडतो आणि ऑक्सिजन 68 टक्क्यांपर्यंत उतरतो असं आलं आहे. तीन डॉक्टरांची तीन मतं पडली. पहिले म्हणाले, जखडलेला सांधा सोडवून तोंड उघडून घ्या. दुसरे म्हणाले, आधी स्क्रूचं यंत्र बसवून जबडा लांबवा. तिसरे म्हणाले, झोपेत दाबाने हवा देणारं मास्कचं मशीन लावा आणि पोरगा वीसचा होऊ द्या. मामांचं म्हणणं: यातलं खरं काय? रोज हाड ओढायचं म्हणजे पोराचे हाल नाहीत का? आणि बारावीचं काय?

मामा, तिघांपैकी कुणीही चुकीचं सांगितलेलं नाही. मास्क, जबडा आणि सांधा, तिन्ही गोष्टी भाच्याला लागणारच आहेत. मतभेद आहे तो क्रमाचा, आणि अशा रुग्णात क्रम चुकला तर चांगली झालेली शस्त्रक्रियासुद्धा अंगाशी येते. माझं मत आधीच सांगून टाकतो: मास्क आजपासून, त्यानंतर जबडा लांबवणं, आणि तोंड उघडण्याची शस्त्रक्रिया सर्वात शेवटी. वीस वर्षं पूर्ण होण्याची वाट मात्र पाहू नका.

आता कारणं.

जीभ ही नुसती तोंडात ठेवलेली वस्तू नाही. तिचा मुख्य स्नायू खालच्या जबड्याला, हनुवटीच्या आतल्या बाजूला, दोन बारीक उंचवट्यांना बांधलेला असतो. त्याच्याच खालून निघणारा दुसरा स्नायू गळ्यातल्या हायॉइड हाडाला पुढे धरून ठेवतो. म्हणजे जबडा जिथे, तिथे जीभ. नाकाच्या मागून स्वरयंत्रापर्यंत जी श्वासाची वाट जाते तिला जिभेच्या मागे हाडाचा आधार नसतो. जागेपणी स्नायू ती वाट ताणून उघडी ठेवतात, झोपेत ते सैल पडतात. जबडा नेहमीच्या मापाचा असेल तर सैल पडूनही वाट शिल्लक राहते. जबडा आखूड असेल तर जीभ थेट मागच्या भिंतीला टेकते. मग छाती जोर लावते, हवा आत जात नाही, ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून जागं करतो, एक मोठा श्वास येतो आणि पुन्हा डोळा लागतो. हे तासाला 52 वेळा, म्हणजे जवळपास दर मिनिटाला एकदा. असा पोरगा आठ तास अंथरुणात असतो, पण झोपलेला नसतो. मग वर्गात पेंगणारच.

आकड्यांचं बोलायचं तर मोठ्या माणसात तासाला 5 ते 15 वेळा सौम्य, 15 ते 30 मध्यम आणि 30 च्या वर गेलं की तीव्र म्हणतात. लहान मुलांत मोजपट्टी फार कडक आहे, तिथे 10 च्या वरही तीव्र धरतात. भाचा कुठल्याही पट्टीने तीव्रमध्येच येतो. 68 हा आकडा मला 52 पेक्षा जास्त खुपतो, कारण वर्षानुवर्षं असा ऑक्सिजन उतरत राहिला की फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढतो आणि हृदयाची उजवी बाजू थकते. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख काढण्याआधी हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टू-डी एको, करून घ्या. तुमच्या कागदांत तो दिसला नाही.

आपल्याकडच्या आया ओपीडीत येऊन सांगतात, "पोऱ्या रातले घोरस, नि घोरता घोरता दमच थांबी जास." एवढ्या एका वाक्यात निदान असतं. पण हे वाक्य सांगायला त्या आठ-दहा वर्षं उशिरा येतात, कारण घरात सगळे समजत असतात की पोरगं गाढ झोपतं म्हणून घोरतं. अंथरूण ओलं करणं, भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपणं, मान मागे टाकून तोंड वर करून झोपणं, अंगाला मांस न धरणं, ही सगळी त्याच आजाराची रूपं आहेत.

जबडा आखूड का राहिला, तेही समजून घ्या. खालच्या जबड्याची वरची टोकं, कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडलं की हलताना जाणवतात ती, लहानपणी जबड्याच्या वाढीत मोठा भाग उचलतात. हनुवटीवर पडलं की मार हनुवटीला दिसतो, पण हादरा जातो या टोकांपर्यंत. टोक मोडतं, सांध्यात रक्त साठतं, मूल दुखतं म्हणून तोंड उघडत नाही, आणि त्या न हललेल्या सांध्यात हाड धरून टोक कवटीला जुळून बसतं. याला आम्ही अँकायलोसिस म्हणतो. कानाच्या जुनाट पूवानेही असं होऊ शकतं. एकदा सांधा जखडला की खालच्या जबड्याची वाढ खुंटते, वरचा चेहरा मात्र वाढत राहतो. दोन्ही बाजू जखडल्या तर हनुवटी नाहीशी झाल्यासारखी दिसते, एकच बाजू जखडली तर ती जखडलेल्या बाजूकडे वाकडी होते.

खानदेशात धाब्याची घरं, उन्हाळ्यात गच्चीवरची झोप, बैलगाडीच्या साट्यावर बसून शेतात जाणं, असं बालपण अजूनही पुष्कळांचं आहे. पोरं पडणारच. फक्त हनुवटीला टाके घालून घरी पाठवताना कानापुढे दाबून दुखतं का हे कुणीतरी बघायला हवं, आणि दुखत असेल तर ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, किंवा सीटी काढायला हवा. टोक मोडलेलं असलं तरी लहान मुलांत बहुतेक वेळा शस्त्रक्रिया लागत नाही. काही दिवसांतच तोंड हलवायला लावणं हाच उपचार असतो. "दुखतं ना, मग राहू दे, बोलू नको" असं म्हणणाऱ्या आजीच्या मायेपायी कितीतरी सांधे जखडले आहेत. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणी पथकं येतात, त्यांना मुलाचं तोंड तीन बोटं उभी जाण्याइतकं उघडतं का, एवढं बघायला सांगा.

आता क्रमाकडे येतो, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

तोंड आधी उघडावं असं कुणालाही वाटेल. पोरगं दहा-बारा वर्षं दातांच्या फटीतून वरण-भात ओढून खातंय, त्याला आधी भाकरी चावता येऊ द्या, असं आईला वाटलं तर तिचं चुकत नाही. पण जखडलेला सांधा, वाईट असला तरी, जबड्याला एका जागी धरून ठेवतो. तो सांधा कापून मोकळा केला की आखूड जबडा अधांतरी होतो आणि मागे-खाली सरकतो. जबड्याबरोबर जीभही मागे सरकते. आधीच अरुंद असलेली वाट आणखी अरुंद होते. तोंड उघडलं म्हणून सगळे पेढे वाटत असतात आणि पोराची रात्र मात्र पहिल्यापेक्षा वाईट झालेली असते.

दुसरं असं की सांधा सोडवल्यावर रोज, दुखलं तरी, तोंड ताणून उघडायचा व्यायाम करावा लागतो. तो केला नाही तर सांधा पुन्हा जखडतो. रात्रभर श्वासाशी झटापट करणाऱ्या, दिवसा चिडचिडलेल्या पोराकडून हा व्यायाम होत नाही. झोप सुधारलेला पोरगा तोच व्यायाम करतो, यात माझ्या मनात शंका उरलेली नाही.

तिसरं कारण निव्वळ यंत्रशास्त्राचं आहे. जबडा लांबवताना हाडाचे दोन तुकडे करून मधली फट वाढवत न्यायची असते. मागचा तुकडा पक्का असेल तर सगळी वाढ पुढच्या तुकड्याला मिळते, हनुवटी पुढे येते. सांधा आधीच मोकळा केलेला असेल तर मागचा तुकडा त्या रिकाम्या जागेत मागे-वर ढकलला जातो आणि निम्मं काम वाया जातं. म्हणजे जखडलेला सांधा इथे आपल्याच कामी येतो.

चौथं कारण भूलतज्ज्ञाला विचारा. तोंड न उघडणारा, जीभ मागे पडणारा रुग्ण म्हणजे भूल देणाऱ्याची कसोटी. जबडा पुढे आल्यावर दुसऱ्या वेळची भूल पुष्कळ सोपी जाते.

दोन्ही एकाच वेळी करणारे सर्जन आहेत, आणि काही रुग्णांत ते बरोबरही असतं, विशेषतः झोपेचा त्रास नसेल तर. तुमच्या भाच्याच्या आकड्यांवर मी तसं करणार नाही.

यंत्राबद्दल. हाड हळूहळू ओढून लांबवायची ही पद्धत मुळात पायाच्या हाडांसाठी आली. सायबेरियातल्या कुर्गान शहरात गाव्रिल इलिझारोव्ह यांनी 1950 च्या दशकात ती बसवली. धुळे-जळगावच्या कुठल्याही हाडाच्या दवाखान्यात पायाभोवती लोखंडी कडी लावलेला रुग्ण तुम्ही पाहिला असेल, ती इलिझारोव्हची कडी. जबड्यावर ती यायला वेळ लागला. 1973 साली कुत्र्याच्या जबड्यावर प्रयोग झाला आणि 1992 साली न्यू यॉर्कच्या जोसेफ मॅकार्थी यांनी मुलांचे जबडे असे लांबवल्याचं प्रसिद्ध केलं. आज जन्मतःच जबडा आखूड असलेल्या, पालथं झोपवलं तरच श्वास घेणाऱ्या तान्ह्या बाळांतही हे करतात. श्वासनळीला भोक पाडायची वेळ त्यामुळे अनेकदा टळते.

तत्त्व सोपं आहे. हाड कापलं की शरीर त्या फटीत मऊ, कोवळं हाड घालायला लागतं. ते कोवळं असतानाच फट जराशी वाढवली की शरीर आणखी घालतं. आपल्या बाया खापरावरचा मांडा हातावर फिरवून फिरवून वाढवतात तसं हे आहे: घाई केली तर फाटतो, थांबून राहिलं तर आखडतो. म्हणून वेग ठरलेला आहे, दिवसाला 1 मिलिमीटर. शस्त्रक्रियेनंतर आधी 5 ते 7 दिवस काहीच फिरवायचं नाही, हाडाची सुरुवात होऊ द्यायची. मग रोज 1 मिलिमीटर, सहसा सकाळी अर्धा आणि संध्याकाळी अर्धा. हव्या त्या लांबीला पोचलं की फिरवणं बंद, पण यंत्र तसंच ठेवून 8 ते 12 आठवडे हाड पक्कं होऊ द्यायचं. हाडाबरोबर वरची त्वचा, स्नायू, शीर सगळंच सावकाश ताणलं जातं, हा मोठा फायदा. एका फटक्यात जबडा पुढे सरकवायचा म्हटलं तर साधारण 10-12 मिलिमीटरच्या पुढे जाणं अवघड असतं, कारण इतकी वर्षं आखडलेले स्नायू तो परत मागे खेचतात. या पद्धतीने 15-20 मिलिमीटरही मिळवता येतात. भाच्याला किती लागतील ते सीटी आणि बाजूने काढलेल्या एक्स-रेवरच्या मापांवरून ठरेल.

इथे मी सर्वात जास्त आग्रही आहे. यंत्र कुठल्या दिशेने बसवायचं हे आधी कागदावर आणि हल्ली सीटीवरून बनवलेल्या प्लास्टिकच्या जबड्यावर ठरवायला हवं. यंत्र एकदा स्क्रूने बसलं की ते फक्त आपल्या दिशेनेच जातं. दिशा जरा तिरपी झाली तर हनुवटी पुढे येण्याऐवजी खाली जाते, पुढचे दात एकमेकांना भेटत नाहीत, आणि श्वासाच्या वाटेला हवी तेवढी जागा मिळत नाही. दोन्ही बाजूंची यंत्रं एकमेकांना समांतर नसतील तर ती एकमेकांशी भांडतात. सर्जनला भेटाल तेव्हा "किती मिलिमीटर?" एवढंच विचारू नका. "कोणत्या दिशेने?" हेही विचारा. कागदावर काढून दाखवणारा सर्जन मिळाला तर निम्मं काम झालं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी भूल देताना पोराला बेशुद्ध करण्याआधी, जागा असतानाच, नाकातून बारीक दुर्बिणीच्या मदतीने नळी श्वासनळीत घालतात. घसा औषधाने बधिर केलेला असतो, तरी हे सुखाचं नाही. पोराला आधी नीट सांगून ठेवा. ही दुर्बीण आणि ती सराईतपणे वापरणारा भूलतज्ज्ञ जिथे आहे तिथेच जा. इमारत साधी असली तरी चालेल, हे दोन नसतील तर नाही. तोंड उघडत नसल्याने छेद बहुधा जबड्याच्या खाली, मानेच्या घडीत, बाहेरून घेतात. व्रण राहतो, पण हनुवटीच्या सावलीत जातो. पहिली रात्र आयसीयूत घालवावी लागेल, कारण सूज आणि भुलीचा अंमल एकत्र आले की वाट आणखी अरुंद होते.

तुम्ही हालाबद्दल विचारलंत. शस्त्रक्रियेनंतरचे चार-पाच दिवस दुखतं, सूज येते. स्क्रू फिरवताना मात्र बहुतेक रुग्ण "ओढल्यासारखं होतं" एवढंच सांगतात, तेही थोडा वेळ. हाल होतात ते दुसऱ्याच गोष्टींचे, आणि त्या घरात सांभाळायच्या असतात.

स्क्रू फिरवायची बारीक चावी घरी देतात. यंत्राची टोकं जबड्याखालून, दोन्ही बाजूंना, कातडीबाहेर आलेली असतात. प्रत्येक कंपनीच्या यंत्रात एका पूर्ण फेऱ्याला किती मिलिमीटर हे वेगळं असतं. म्हणून "रोज दोन फेरे" असं दुसऱ्या रुग्णाकडून ऐकून काही करू नका. सर्जनकडून तुमच्याच यंत्राचा हिशेब कागदावर लिहून घ्या. फिरवायची दिशा दाखवणारा बाण पेनने कागदी चिकटपट्टीवर काढून गालावर चिकटवायचा. डावी आणि उजवी बाजू समोरून बघताना उलटी होते, तिथेच लोक गोंधळतात आणि एक बाजू पुढे, दुसरी मागे असं करून बसतात. फिरवणारा माणूस एकच ठेवा, आणि तो घरातला सगळ्यात शांत माणूस असू द्या, मग तो मामा असो की मोठी बहीण. फिरवलं की भिंतीवरच्या कॅलेंडरवर लगेच खूण करायची, सकाळची वेगळी, संध्याकाळची वेगळी. संध्याकाळी लग्नाला गेलात आणि विसरलात तर दुसऱ्या दिवशी दुप्पट फिरवून भरपाई करायची नाही, फोन करायचा. आठवड्यातून एकदा तपासणी आणि एक्स-रे लागतोच. चोपड्याहून येणं-जाणं जड वाटत असेल तर फिरवायचे दोन-तीन आठवडे दवाखान्याजवळच्या नातेवाइकाकडे मुक्काम करा.

टोकांभोवतीची कातडी रोज दोनदा सलाइनच्या पाण्याने पुसायची. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 ला जातो, घाम त्या टोकांशी साठतो आणि पू धरतो. शक्य असेल तर ही शस्त्रक्रिया पावसाळ्यानंतर ठेवावी असं मला वाटतं. हळद, शेंदूर, देवाची राख यातलं तिथे काही लावायचं नाही. आजीला हे आधीच प्रेमाने सांगून ठेवा.

खाणं पातळच लागेल, पण त्याला ते नवीन नाही. कढी, पातळ वरण, मिक्सरमधून काढलेली खिचडी, दुधात कुस्करून गाळलेली केळी, ताक, सत्तू. शेंगदाण्याचा कूट दुधात घोटून दिला तर ताकदीला उत्तम. वजन उतरू देऊ नका, कोवळ्या हाडाला प्रथिनं लागतात. घरात कुणी बिडी ओढत असेल तर अंगणात जाऊन ओढावी. भाचा स्वतः तंबाखू खात असेल तर ते सर्जनला खरं सांगा, कारण तंबाखूने हाड धरायला उशीर होतो.

धोके लपवायचे नाहीत. जबड्याच्या हाडातून खालच्या ओठाची संवेदना नेणारी शीर जाते. काही आठवडे, महिने ओठ-हनुवटी बधिर राहू शकते, क्वचित कायमची. जबड्याच्या कडेवरून ओठाचा कोपरा खाली ओढणारी चेहऱ्याची बारीक शीर जाते. ती दुखावली तर हसताना ओठ वाकडा दिसतो, बहुतेकदा हळूहळू सुधारतो. यंत्र सैल होणं, पू होणं, फटीत हाडाऐवजी नुसता तंतूचा पडदा तयार होणं, किंवा उलट हाड वेळेआधीच घट्ट होऊन यंत्र पुढे न जाणं, हे सगळं घडू शकतं. वरच्या-खालच्या दातांची जुळणी बदलणार हे नक्की. त्यासाठी नंतर दातांना तारा लावाव्या लागतील. जबडा श्वासासाठी लांबवतोय, फोटोसाठी नाही, हे घरात सगळ्यांनी एकदा ठरवून घ्या. चेहरा सुधारतोच, पण श्वासाला हवी असलेली लांबी आणि चेहऱ्याला शोभणारी लांबी प्रत्येक वेळी एकच नसते. अशा वेळी मी श्वासाच्या बाजूने झुकतो.

आता मास्क. सीपॅपचं मशीन 1981 साली ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सुलिव्हन यांनी पहिल्यांदा वापरलं. ते नाकातून दाबाने हवा देऊन वाट उघडी ठेवतं. भाच्याला ते आजच लावा, शस्त्रक्रियेची तारीख सहा महिन्यांनी असली तरी. हृदयाला तेवढी उसंत मिळते आणि भूल सुरक्षित होते. फक्त मास्कवर वर्षं काढावीत का? 17 वर्षांच्या पोराला जन्मभर मशीनला बांधण्यापेक्षा, मूळ कारण दुरुस्त होण्यासारखं असताना ते दुरुस्त करावं. शिवाय आपल्याकडे रात्री वीज गेली की मशीन बंद, आणि शेतात मुक्कामाला जाणाऱ्या घरात ते किती नियमाने लागतं ते तुम्हीच जाणता. तोपर्यंत उशाकडची बाजू उंच करून, कुशीवर झोपवा. आणि एक फार महत्त्वाचं: झोपेची गोळी, कोडीनचं खोकल्याचं औषध, गुंगीचं इंजेक्शन यातलं काहीही कुठल्याही दवाखान्यात देऊ देऊ नका. दात काढायला गेलात तरी आधी "याचा झोपेत श्वास अडतो" हे सांगा. हे वाक्य त्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहून ठेवा.

हे वाचून भुसावळ-अमळनेरचे घोरणारे काका लोक जबडा लांबवायला निघतील, म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द. चाळिशीच्या, मानेवर चरबी चढलेल्या, नेहमीच्या जबड्याच्या माणसाला हे यंत्र लागत नाही. त्याला वजन कमी करणं, सीपॅप, काहींना रात्री खालचा जबडा पुढे धरणारी दातांवरची पट्टी, यांनी भागतं. मोठ्या माणसात जबडे खरोखर मागे असतील आणि मास्क सहनच होत नसेल तर वरचा-खालचा असे दोन्ही जबडे एकाच वेळी साधारण 10 मिलिमीटर पुढे आणायची शस्त्रक्रिया आहे. तिचे निकाल चांगले आहेत: 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासात सुमारे 86 टक्के रुग्णांचा आजार निम्म्याहून जास्त उतरला होता, पूर्ण बरे झाले होते 43 टक्के. तिथे रोज चावी फिरवत बसायची गरज नसते. ट्रकवर आणि रेल्वे इंजिनावर काम करणाऱ्यांनी मात्र ही तपासणी टाळू नये. डुलकी तिथे फक्त त्यांच्या एकट्याच्या जिवावर बेतत नाही.

भाच्याकडे परत येतो. हाड पक्कं झालं, साधारण तीन-चार महिने झाले, की झोपेची तपासणी पुन्हा करायची. घोरणं थांबलं म्हणजे आजार गेला असं धरायचं नाही, आकडा पाहायचा. तो समाधानकारक असेल तर एकाच भुलीत यंत्र काढायचं आणि जखडलेला सांधा सोडवायचा. सोडवलेल्या जागेत पुन्हा हाड धरू नये म्हणून कानाच्या वरच्या, कपाळाच्या बाजूच्या स्नायूचं आवरण किंवा चरबी भरतात. टेबलावरच किमान 35 मिलिमीटर तोंड उघडलं पाहिजे. त्यानंतर व्यायाम. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत सरकवायच्या, आज वीस तर चार दिवसांनी एकवीस. वहीत रोजचा आकडा लिहायचा. हे वर्षभर तरी करायचं, पहिले सहा महिने तर दिवसातून चार-पाच वेळा. सांधा पुन्हा जखडतो तो बहुतेक घरातल्या या आळसामुळेच.

तोंड उघडल्यावर पोरगा खाणार. दहा-बारा वर्षांचं भरीत, शेवभाजी, कळण्याची भाकरी एका वर्षात भरून काढणार, आणि काढू द्या. फक्त वजनाकडे लक्ष असू द्या, कारण मानेवर चरबी चढली की कमावलेली वाट पुन्हा बुजायला लागते. वर्षाने आणखी एकदा झोपेची तपासणी करून घ्या.

खर्चात सगळ्यात मोठा आकडा यंत्राचा असतो, कारण ते सहसा टायटॅनियमचं असतं. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत यातलं काय बसतं ते योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार घेऊन जाऊन विचारा. सर्जनच्या तोंडी आश्वासनावर थांबू नका, मंजुरी लेखी घ्या. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात मुखशल्यचिकित्सा विभाग आहे, तिथेही एकदा दाखवायला हरकत नाही.

राहिली बारावी. आज तो अकरावीत आहे. दिवाळीनंतर यंत्र बसलं तर स्क्रू फिरवायचे दिवस एका महिन्यात संपतात. यंत्र अंगावर असताना तो कॉलेजला जाऊ शकतो, बोलू शकतो, गळ्याला मफलर गुंडाळला तर कुणाला कळतही नाही. अकरावीची परीक्षा तो यंत्रासह देईल. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडाशी यंत्र काढून सांधा सोडवला, तर बारावी सुरू होईपर्यंत व्यायामाचे सर्वात कठीण आठवडे मागे पडलेले असतील. यंदाची दिवाळी हुकली तर मात्र बारावीची बोर्डाची परीक्षा होऊ द्या, तोपर्यंत रोज रात्री मास्क लावा, आणि तारीख मार्चनंतरची घ्या. तेव्हा ऊन असेल, त्याला इलाज नाही, टोकं दिवसातून तीनदा पुसा.